गायिकेच्या खालची जागा: जो पासची साथ कशी ऐकावी आणि कशी वाजवावी

प्रश्न असा आहे: अमेरिकी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड आणि गिटारवादक जो पास यांचे फक्त आवाज आणि गिटार असलेले अल्बम ऐकताना बेस नाही, ड्रम नाहीत, पियानो नाही, हे लक्षातही येत नाही. तशीच साथ एखाद्या गायिकेला करायला गेलं की एकतर सगळं पोकळ वाटतं, नाहीतर तिलाच गाता येत नाही. कॉर्ड्स येतात, स्केल्स येतात, मग अडतं कुठं? शिवाय गाणं संपवताना दोघांचा शेवट कधीच एकत्र येत नाही.

अडतं ते बहुतेक वेळा डोक्यातल्या एका गोंधळामुळे. आपल्याकडच्या मैफिलीची मांडणी डोळ्यांसमोर आणा. तंबोरा सुराचा आधार देतो, तबला लय धरतो आणि पेटी गाणाऱ्याच्या पाठोपाठ जाऊन जागा भरते. तीन माणसं, तीन कामं. गिटारवर एकट्याने जॅझ गायिकेला साथ करणारा ही तिन्ही कामं दहा बोटांनी करतो. नवा वादक तिन्ही कामं सतत एकाच वेळी करायला जातो, आणि तिथेच बिघडतं. पास तसं करत नाही. या क्षणी तिघांपैकी कोण गप्प बसलं तरी चालेल, हे तो दर दोन मात्रांनी ठरवत असतो. त्याचा वेग अफाट होता, पण साथीतली त्याची थोरवी या निवडीत आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीचं विवरण आहे.

आधी कुठलं संगीत ऐकायचं ते पाहू. जॅझ निर्माता नॉर्मन ग्रान्झने १९७३ साली पाब्लो ही रेकॉर्ड कंपनी काढली. त्याच वर्षी पासने एकट्या गिटारचा ‘व्हर्चुओसो’ ध्वनिमुद्रित केला आणि त्याच वर्षी एलाबरोबरचा पहिला जोडअल्बम ‘टेक लव्ह ईझी’ही. त्या वेळी एला ५६ वर्षांची होती, पास ४४ वर्षांचा. हे दोन्ही अल्बम शेजारी शेजारी ठेवून ऐका. हात तोच आहे, पण एकल वादनात त्याने जेवढे सूर खर्च केले त्याच्या निम्मेही एलाच्या मागे केलेले नाहीत. पुढे १९७६ साली ‘फिट्झजेराल्ड अँड पास... अगेन’ आला आणि त्यावर एलाला ग्रॅमी मिळालं. १९८३ साली ‘स्पीक लव्ह’ आणि त्यानंतर १९८६ चा ‘ईझी लिव्हिंग’. शिकायला सुरुवात पहिल्यापासून करा, कारण तिथे बहुतेक गाणी मंद आहेत आणि प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतं.

आता जागेचा हिशेब. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झचा सूर येतो, पाचवी ११०, चौथी १४७, तिसरी १९६, दुसरी २४७ आणि पहिली ३३०. खालच्या आवाजात गाणारी जॅझ गायिका साधारण तिसऱ्या मोकळ्या तारेपासून पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे १९६ ते ५२३ हर्ट्झ या पट्ट्यात असते. म्हणजे तुमच्या वरच्या दोन तारा हे तिचं घर आहे. ओपन कॉर्ड किंवा सहाही तारांची बार कॉर्ड खरवडली की प्रत्येक वेळी तुम्ही तिच्या सुराच्या शेजारी, कधी अर्ध्या सुराच्या (एका फ्रेटच्या) अंतरावर, आणखी दोन सूर वाजवता. तिला आपला सूर नीट ऐकू येत नाही, मग ती जोर लावते आणि सूर चढतो किंवा उतरतो. गायिका बेसूर होतेय असं वाटलं की आधी आपली पहिली तार बंद करून बघा. निम्म्या वेळा दुखणं तिथेच असतं.

म्हणून साथीचा पाया तीन सुरांच्या कॉर्ड्सवर घाला: सहाव्या किंवा पाचव्या तारेवर रूट (कॉर्डचा मूळ सूर), चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर. पाचवा सूर लागत नाही. तो काढला तरी कॉर्डची ओळख पुसली जात नाही. सी मेजरमधला नेहमीचा दोन-पाच-एक (सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड्सचा क्रम) असा वाजतो:

डी मायनर सेव्हन: पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तार तिसरा, तिसरी तार पाचवा.
जी सेव्हन: सहावी तार तिसरा फ्रेट, चौथी तार तिसरा, तिसरी तार चौथा.
सी मेजर सेव्हन: पाचवी तार तिसरा फ्रेट, चौथी तार दुसरा, तिसरी तार चौथा.

बोटांकडे बघा. पहिल्यातून दुसरीत जाताना वरच्या दोन सुरांपैकी फक्त एक अर्धा सूर खाली येतो (सीचा बी), आणि दुसरीतून तिसरीत जाताना दुसरा (एफचा ई). कानाला ऐकू येते ती हीच घसरण. पासची साथ भरलेली वाटते त्याचं मोठं कारण हे आहे: सूर थोडे, पण प्रत्येक सूर शेजारच्या सुराकडे जातो. हात गिटारभर उड्या मारत नाही. या तीन सुरांवर दुसऱ्या तारेवरचा एखादा सूर ठेवायचा तो गायिका थांबलेली असताना. ती गात असेल तर तिच्या सुराच्या खालीच राहायचं.

एक चूक इथेच सांगतो, कारण ती चांगले वादकही करतात. ओळीचा शेवट बऱ्याचदा षड्जावर होतो. गायिका सी धरते आणि वादक सवयीने सी मेजर सेव्हन वाजवतो, ज्यात बी आहे. सी आणि बी अर्ध्या सुराच्या अंतरावर घासतात आणि तिचा ठहराव डळमळतो. तिथे सातवा सूर काढून सहावा घाला, म्हणजे सी सिक्स: पाचवी तार तिसरा फ्रेट, चौथी दुसरा, तिसरी दुसरा, हवा तर दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट. सुराला आराम मिळतो. गाणं बसवताना प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली तिचा सूर लिहून ठेवा. षड्ज असेल तिथे सहा, गांधार किंवा पंचम असेल तिथे मेजर सेव्हन बिनधास्त.

उजव्या हाताबद्दल जितकं बोललं जातं त्याहून जास्त बोलायला हवं. पिकने कॉर्ड वाजवली की तारा एकामागून एक वाजतात, कितीही झटपट मारा. अंगठा आणि तीन बोटांनी एकदम उचलली की चारही सूर एकाच क्षणी येतात, पियानोसारखे. शिवाय अंगठा आणि बोटं वेगळी चालवता येतात: बेस जोरात, वरचे सूर हळू, किंवा बेस धरून ठेवून वरचे लगेच बंद. मंद गाण्यांत आणि एकल वादनात पास बोटांनी वाजवतो, जलद एकेरी ताना पिकने. बोटांत नखं नकोत, किंवा अगदी कमी. मांसाने वाजवलेला सूर गोल येतो आणि गायिकेच्या त, क, स या व्यंजनांशी भांडत नाही. सराव साधा आहे. वर दिलेल्या तीन कॉर्ड्स, मेट्रोनोम ६० वर. आधी अंगठा एकटा मोठा, बोटं हळू. मग उलट. मग दोन्ही हळू. या तिन्हीत फरक ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका.

गाणं कुठल्या की-मध्ये, म्हणजे कुठल्या षड्जात घ्यायचं, हा मराठी गायिकेबरोबर काम करताना नेमका गोंधळाचा भाग ठरतो. तिला विचारलं की ती सांगते, “माझी पट्टी काळी चार.” ही माहिती खरी आहे, पण इथे अपुरी आहे. पट्टी सांगते की तिचा षड्ज कुठे आहे, आणि ख्याल किंवा भावगीत त्या षड्जाभोवती मंद्रातल्या पंचमापासून तार सप्तकात फिरतं. अमेरिकी जुन्या गाण्यांची रचना तशी ठरलेली नसते. एखादं गाणं षड्जापासून षड्जापर्यंत चढतं, दुसरं खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत पसरतं. त्यामुळे एकच गायिका एक गाणं एफमध्ये गाईल आणि दुसरं बी फ्लॅटमध्ये, आणि दोन्ही तिला तितकीच सोयीची असतील. पद्धत अशी: गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. तिला शब्दांसकट, कार्यक्रमात गाईल त्या आवाजात दोन्ही टोकं गायला लावा. समजा छापील गाणं सीमध्ये आहे, खालचा सूर मध्य सी आणि वरचा त्याच्या पुढच्या सप्तकातला डी. तिला मात्र तिसऱ्या मोकळ्या तारेच्या जीपासून पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटच्या ए-पर्यंत आरामात येतं. दोन्हींची लांबी सारखी, १४ अर्धे सूर. गाणं पाच अर्धे सूर खाली आणायचं, म्हणजे सीचं जी. ‘आ’कार लावून वरचा सूर लागतो म्हणून ती की पक्की करू नका. त्याच सुरावर ‘ई’ किंवा बंद व्यंजनाचा शब्द असेल तर तो लागेलच असं नाही.

सुरुवातीचे चार बार (चार मात्रांचा एक बार) ही साथीदाराची पहिली जबाबदारी. जीमधलं गाणं असेल तर जी, ई सेव्हन, ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, प्रत्येकी दोन मात्रा, असं दोनदा. शेवटच्या डी सेव्हनच्या माथ्यावर तिचा पहिला सूर यायला हवा, उघड इशारा न वाटता. तिचा पहिला सूर डी असेल तर तो कॉर्डचा रूटच आहे. बी असेल तर तेरावा सूर होतो आणि फार गोड लागतो. जी असेल तर कॉर्डमधला एफ शार्प काढून जी ठेवा, म्हणजे सस (तिसऱ्या सुराऐवजी चौथा असलेली कॉर्ड) होईल. नाहीतर तिचा पहिलाच सूर तुमच्या एफ शार्पवर आपटतो. इथे कलाकुसर करण्याचा मोह आवरा. चार बारांत पाच पर्यायी कॉर्ड्स घुसवल्या की तिला षड्ज सापडत नाही आणि ती अर्ध्या सुराने चुकीच्या जागी उतरते. चूक तिची दिसते, असते तुमची.

आता लय. इथे दोन वेगळे नियम आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. १९२० ते १९४० च्या दशकांतल्या बऱ्याच गाण्यांना मुख्य ३२ बारांच्या आधी एक प्रस्तावनेचा भाग असतो. तो ठेक्याशिवाय, बोलल्यासारखा गातात. बिली स्ट्रेहॉर्नच्या ‘लश लाइफ’चा हा भाग तर खूप लांब आहे, आणि ‘टेक लव्ह ईझी’वर ते गाणं आहे. या भागात तुम्ही पेटीवाले आहात: तिच्या मागून जा. कॉर्ड शब्दाच्या आधी पाडू नका, शब्दाच्या व्यंजनावरही नको. स्वर उघडला की त्या क्षणी. ‘लव्ह’ म्हणताना ‘ल’वर नाही, त्यानंतरच्या ‘अ’वर. यासाठी तिचं तोंड आणि खांदे दिसायला हवेत, म्हणून तिच्या बाजूला आणि अर्धं पाऊल मागे बसा, पाठीमागे नको. श्वास घेताना खांदा किंचित वर जातो, तो तुमचा इशारा.

ठेका सुरू झाला की नियम उलटतो. आता तुम्ही तबलजी आहात आणि तबलजी गाणाऱ्याच्या मागून जात नाही. जॅझ गायिका मुद्दाम ठेक्याच्या किंचित मागे रेलून गाते. ते तिचं सौंदर्य आहे. वादक तिच्यासाठी थांबला की तीही तुमच्या नव्या ठेक्याच्या मागे रेलते, मग तुम्ही पुन्हा थांबता. १३२ वर सुरू झालेलं गाणं ११८ वर संपतं आणि दोघांनाही ते दुसऱ्यामुळे झालं असं वाटतं. उपाय एकच: मेट्रोनोम निम्म्यावर ठेवून त्याचा टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐकण्याची सवय. १३२ च्या गाण्याला ६६. ती रेलू दे, तुम्ही सरळ चाला.

ठेक्यात बेस चालवायचा असेल तर चार मात्रांना चार सूर, आणि चौथा सूर पुढच्या कॉर्डच्या रूटच्या अर्धा सूर वर किंवा खाली. डी मायनरवर: पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट, पाचव्या तारेचा तिसरा, सहाव्याचा पाचवा, सहाव्याचा चौथा, आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला सहाव्याचा तिसरा, म्हणजे जी. जी सेव्हनवर: सहाव्याचा तिसरा, पाचव्याचा दुसरा, पाचव्याचा पाचवा, पाचव्याचा चौथा, मग सी. हे बोटांत बसलं की दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात चौथ्या-तिसऱ्या तारेवरचे दोन सूर एकदाच टोचा आणि लगेच सोडा. एका बारला एक टोचा पुरतो. दर मात्रेला टोचलं की बँडसारखं वाटण्याऐवजी टाइपरायटरसारखं वाटतं. बेसचा प्रत्येक सूर मात्र पुढच्या सुरापर्यंत धरायला हवा. पोकळ वाटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच की डावं बोट लवकर उचललं जातं आणि दोन सुरांमध्ये शांतता पडते. आणि पूर्ण गाणं चालत राहू नका. ३२ बारांचे बहुधा आठ-आठ बारांचे चार भाग असतात: ए, ए, मधला आणि परत ए. पहिल्या ‘ए’ भागात दर बारला दोनच बेस सूर, मधल्या भागात चार, असा फरक ठेवला की चालता बेस आला तेव्हा तो आल्यासारखा वाटतो.

ब्राझीलच्या बोसा नोव्हा लयीत अंगठा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर स्थिर, बोटं त्याच्या आडव्या तालात. त्यात विशेष सांगण्यासारखं एवढंच की अंगठ्याने बोटांची नक्कल करायची नाही.

जागा भरणं, म्हणजे दोन ओळींमधले तुकडे, हा पासचा सर्वांत जास्त नक्कल झालेला आणि सर्वांत चुकीचा समजलेला भाग आहे. तो कधीकधी एका श्वासात सोळा सूर ओततो आणि ऐकणाऱ्याला वाटतं तेच शिकायचं. खरं शिकायचं ते त्याची सुरुवात आणि शेवट. तुकडा तिच्या शेवटच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन संपल्यावर सुरू होतो, स्वर ताणलेला असताना नाही. आणि ती पुढचा श्वास घ्यायच्या आधी संपतो, म्हणजे पुढच्या ओळीच्या निदान दोन मात्रा आधी. शेवटचा सूर तिच्या येणाऱ्या सुराच्या खाली किंवा शेजारी ठेवला की ती त्यावर पाऊल ठेवून येते. ३२ बारांच्या एका फेरीत सुरुवातीला चारच तुकडे वाजवायचे असं ठरवून घ्या. कुठल्या चार जागा, हे ठरवताना शब्द वाचा. प्रश्नावर संपणाऱ्या ओळीनंतर काही न वाजवणं बहुधा जास्त बोलकं असतं.

पर्यायी कॉर्ड्सचा मोह सगळ्यांना असतो, आणि तो चांगला मोह आहे, पण वर गायिका असताना गणित करावं लागतं. जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन हा नेहमीचा बदल घ्या. दोन्हींत एफ आणि बी समान आहेत, म्हणून तो चालतो. पण वरचा सूर बघा. तिचा सूर एफ किंवा बी असेल तर निर्धास्त. जी असेल तर तो नव्या कॉर्डचा चढलेला अकरावा होतो आणि सुंदर लागतो. पण तिचा सूर डी असेल तर तो नव्या रूटच्या अर्धा सूर वर येतो, आणि लांब धरलेला असेल तर चुकल्यासारखाच वाटतो. तिथे बदल नको. दुसरा नियम: पहिल्या ‘ए’ भागात मूळ कॉर्ड्स, बदल परतीच्या भागात. ऐकणाऱ्याने मूळ ऐकलंच नसेल तर बदलला तरी कळणार काय? आपल्या शिकवण्यात पास सगळ्या कॉर्ड्स मेजर, मायनर आणि डॉमिनंट अशा तीनच कुटुंबांत मांडत असे. साथीच्या घाईत हीच मांडणी कामाला येते, कारण मग तेराव्या-अकराव्या सुरांची नावं आठवत बसावं लागत नाही. कुटुंब ठरलं की वरचा सूर गायिका देतेच.

गायिका एकाच सुरावर असताना खालचं सरकवणं किती परिणाम करतं हे समजायला ब्राझीलचा संगीतकार जोबिम याचं ‘वन नोट सांबा’ घ्या. ते ‘अगेन’ या अल्बमवर आहे. बी फ्लॅटमध्ये ती एफ धरून बसते आणि खाली डी मायनर सेव्हन, डी फ्लॅट सेव्हन, सी मायनर सेव्हन, बी सेव्हन फ्लॅट फाइव्ह असं अर्ध्या अर्ध्या सुरानं उतरत जातं. तोच एफ आधी कोमल तिसरा, मग शुद्ध तिसरा, मग चौथा, मग उतरलेला पाचवा होतो. तिचा सूर हलत नाही, त्याचा रंग बदलतो. हे चार कॉर्ड्स तीन-तीन सुरांत बसवून स्वतः एफ गुणगुणत वाजवा. आठवडाभराच्या वाचनाने कळणार नाही ते दहा मिनिटांत कानात बसेल.

गायिका बदलली की साथ बदलते, आणि पासचं मोठेपण इथे आणखी स्पष्ट होतं. एलाचा सूर आणि लय दोन्ही इतके पक्के की त्याला ठेका सोडून देण्याची मुभा मिळते. कितीतरी वेळा तो दोन-तीन मात्रा काहीच वाजवत नाही आणि ठेका तिच्या शब्दांत चालू असतो. सारा व्हॉनची गोष्ट निराळी. तिचा आवाज खोल, कंप रुंद, आणि ती स्वतःच सुरांचे अनपेक्षित पर्याय घेते. म्हणून तिच्याखाली कॉर्ड जितकी उघडी तितकी बरी. १९७८ च्या ‘हाऊ लाँग हॅज धिस बीन गोइंग ऑन?’ या अल्बमवर ऑस्कर पीटरसन (पियानो), रे ब्राऊन (बेस) आणि लुई बेलसन (ड्रम) आहेत, पण ‘माय ओल्ड फ्लेम’ ती फक्त पासबरोबर गाते. एलाच्या जोडअल्बमनंतर लगेच ते ऐकलं तर फरक हातात येतो. १९८२ च्या ‘क्रेझी अँड मिक्स्ड अप’मध्ये ‘ऑटम लीव्ह्ज’ ती शब्दांशिवायच गाते. तिथे गळा वाद्यासारखा चालतो आणि पास तिच्या बरोबरीने धावतो, साथीचे सगळे नियम बाजूला ठेवून. कारमेन मॅक्रेबरोबरच्या ‘द ग्रेट अमेरिकन साँगबुक’ या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात जिमी रोल्स पियानोवर आहे. पियानो असताना गिटारने कॉर्ड्सचा अर्धा भार सोडून द्यायचा असतो. दोघांनी तिसरा-सातवा सूर एकाच सप्तकात वाजवला की चिखल होतो.

या परंपरेत पास पहिला नव्हता. १९५५ साली गायिका ज्युली लंडनच्या मागे गिटारवादक बार्नी केसेलने केलेली साथ आजही कुठल्याही विद्यार्थ्याने बारकाईने ऐकावी अशी आहे, पण तिथे रे लेदरवूडचा बेस होता. बेस काढून टाकून पूर्ण अल्बम पेलणं ही पासची झेप. आपल्या बाजूने एक नाव आवर्जून घ्यायला हवं: मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा. १९६९ साली लंडनमध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर केलेल्या ‘हम दोनो’त नॉर्मा विन्स्टनचा शब्दांविना आवाज आहे, आणि तिथे गिटार आवाजाला कॉर्डचा आधार देण्यापेक्षा त्याच्याबरोबर एकाच ओळीत चालते. आपल्या कानाला ती रीत जवळची वाटेल. गायिकेला साथ करण्याचा तो एक वेगळाच दरवाजा आहे.

वाद्याबद्दल थोडक्यात. पासचं ओळखीचं गिटार म्हणजे गिब्सन ईएस-१७५, १६ इंच रुंद, आतून पोकळ. तसं नसलं तरी चालेल, पण नेककडचा पिकअप, टोनची कळ निम्म्याच्या खाली, फ्लॅटवाउंड तारा १२ पासून ५२ पर्यंत आणि तिसरी तार गुंडाळलेली, एवढं पाळा. गुंडाळी नसलेली तिसरी तार या कामात फार चमकते आणि सुरातही पटकन चढते. अ‍ॅम्पचा ट्रेबल कमी ठेवा, कारण गायिकेचे शब्द कळतात ते १ ते ४ किलोहर्ट्झच्या भागात. पोकळ गिटार बहुधा सहाव्या तारेच्या तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या आसपास, म्हणजे १०० हर्ट्झच्या जवळ, घुमतं. बेसची कळ थोडी उतरवली की बरं. अ‍ॅम्प तिच्या माइकच्या मागे ठेवू नका, नाहीतर माइक तुमचीच गिटार गोळा करतो. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात, तेव्हा जून-जुलैत एकदा नेक तपासून घ्या. जड तारांवर कॉर्डच्या पकडी वाजवून हात थकला की पहिला बळी बेसच्या सुरांच्या लांबीचा जातो.

तिच्याशिवाय सराव करायचा असेल तर तिचं नुसतं गाणं, कानात मेट्रोनोम लावून, फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. त्यावर तीन फेऱ्या वाजवा: पहिली फक्त बेस, दुसरी फक्त चौथी-तिसरी तार, तिसरी दोन्ही. मग सगळ्या फेऱ्या ऐका. पहिल्या दोनपैकी एखादी तिसरीपेक्षा चांगली वाटली तर आश्चर्य वाटू देऊ नका. गाण्याचा तो भाग तसाच ठेवा.

मधली एकट्या गिटारची फेरी असते तेव्हा वरच्या दोन तारांचं घर रिकामं झालेलं असतं, आणि मगच तिथे जायचं. पहिल्या आठ बारांत मूळ चाल कॉर्ड्ससकट वर, पुढच्या आठात एकेरी ओळ आणि दर दोन बारांना खाली एक तीन-सुरी कॉर्ड, मधल्या भागात चालता बेस. शेवटच्या आठात हळूहळू विरळ होत शेवटचे दोन बार अगदी साधे ठेवा, म्हणजे ती कुठं परतायचं ते शोधत बसत नाही.

आणि शेवट. तो एकत्र येत नाही कारण तो ठरवलेला नसतो. शेवटची ओळ तीनदा म्हणायची की एकदाच, हे आधी बोलून घ्या. तीनदा असेल तर पहिल्या दोन वेळा शेवटी षड्जाची कॉर्ड न देता तीन-सहा-दोन-पाचवर परत वळवा. ती शेवटचा सी धरून राहिली की खाली हे वाजवा: ए फ्लॅट मेजर सेव्हन (सहावी तार चौथा फ्रेट, चौथी पाचवा, तिसरी पाचवा, दुसरी चौथा), मग डी फ्लॅट मेजर सेव्हन (पाचवी चौथा, चौथी सहावा, तिसरी पाचवा, दुसरी सहावा), मग वर सांगितलेली सी सिक्स. पहिल्या दोन्हींत तिचा सी आहेच, म्हणून तिला काही हलवावं लागत नाही. ती ज्या सप्तकात सी धरते त्यानुसार वरची दुसरी तार गाळा. कॉर्ड बदलण्याचा क्षण तिच्या हनुवटीवरून घ्या, मेट्रोनोमवरून नाही, कारण ठेका आता संपलेला आहे आणि तुम्ही पुन्हा पेटीवाले झालात. सी सिक्स वाजल्यावर तारा मोकळ्या घुमू देऊ नका. तिचा आवाज थांबताना उजव्या हाताची बाजू गिटारच्या पुलाजवळ (ब्रिजजवळ) टेकवा, आधी बेसवर, मग बाकीच्यांवर.